नवाच्या डोळ्यातलं फूल

पडदा शिवणं म्हणजे काय, सरळ टीप मारायची, असं ज्यांनी कधी पडदा शिवलेला नाही त्यांना वाटतं. खरी मेख चुण्यांत असते. खिडकी एका मापाची, कापड दुसऱ्या मापाचं, आणि जास्तीचं सगळं कापड एकसारख्या चुण्यांत जिरवायचं. गणित चुकलं की शेवटच्या चुणीशी चार बोटं कापड उरतं. ते गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण शिवणारीला जन्मभर दिसतं. काकूंनी पडद्यांच्या दुकानामागच्या खोलीत उभी हयात हेच काम केलं. लांबलचक टेबल, तीन मशिनी, आणि समोरच्या भिंतीकडे उघडणारी एकच खिडकी, जिला स्वतःला पडदा नव्हता. दुकानाचा मालक नव्या मुलींना सांगायचा, "काकूंच्या हातात कापड द्या नि विसरा. उरणार नाही."

त्यामुळे काकूंना भागाकार कुणी शिकवावा लागला नाही. भागाकाराचा पडताळा मात्र नवऱ्याने शिकवला.

नवरा मोजणी कचेरीत होता. जमिनी मोजणारे लोक उन्हातान्हात फिरून मापं आणत, आणि त्या मापांवरून क्षेत्रफळ काढायचं काम आतल्या एका खोलीत चाले. तिला आकडेखोली म्हणत. आकडेखोलीची रीत अशी की एकच गणित दोघांनी करायचं, मध्ये फळीची आडभिंत, एकमेकांचं बघायचं नाही. झालं की कागदांची अदलाबदल करायची आणि जोडीदाराच्या उत्तराचा पडताळा घ्यायचा. जुळलं तर खाली बरोबरची खूण. काकूंचा नवरा या कामात इतका मुरला की त्याचं खरं आडनाव कचेरीत कुणाला आठवेना. सगळे त्याला पडताळे म्हणत. वसाहतीतही तेच नाव चिकटलं, आणि नवऱ्याचं नाव बायकोला लागतं या न्यायाने काकूही पडताळेकाकू झाल्या.

घरात हा माणूस पडताळ्याशिवाय पाणी पीत नसे. कुकरच्या शिट्ट्या तो बाहेरच्या खोलीत बसून वेगळ्या मोजायचा.

"किती झाल्या गं?"

"तीन."

"माझ्याही तीनच. कर बंद."

लग्नानंतर पहिल्या वर्षी काकूंना याचं हसू यायचं. पुढे राग यायला लागला. त्यानंतर काहीच येईनासं झालं.

नवाचा पडताळा त्यांनी काकूंना शिकवला तो एका दुपारी, पडद्याच्या अस्तराला हातशिलाई घालता घालता. "कितीही मोठी संख्या असू दे," ते म्हणाले, "तिचे अंक एकमेकांत मिळवत जायचं, एकच अंक उरेपर्यंत. नऊ उरला तर तो शून्य धरायचा. ज्याने भागतेस त्याचा असा अंक काढ, आलेल्या भागाकाराचा काढ, दोन्ही गुण, त्यात बाकीचा अंक मिळव. जिला भागलंस तिचाही अंक तोच आला पाहिजे."

"नाही आला तर?"

"तर कुणीतरी चुकलंय."

"आणि आला, पण तरी चुकलेलं असलं तर?"

पडताळे खूश झाले. बायकोने असं काही विचारावं याची त्यांना सवय नव्हती. "असतं कधी कधी. नवाच्या डोळ्यात फूल पडलंय. शून्य आणि नऊ यांतला फरक त्याला दिसत नाही. म्हणून मी आधी शेवटचा अंक बघतो. दाराशी कोण आलंय ते बघावं, मगच घरात घ्यावं."

काकूंनी दोरा दातांनी तोडला आणि पुढच्या चुणीला सुई घातली.

आकडेखोलीत खुणा दोन होत्या. नुसती खूण म्हणजे मी स्वतः पडताळलं. खुणेखाली ठिपका म्हणजे मी पडताळलेलं नाही, जोडीदाराच्या भरवशावर घेतलं. ठिपका नियमात बसायचा. कामाची घाई असली की बाकीचे लोक सर्रास ठिपके देत. पडताळ्यांनी कधी दिला नाही. "ठिपका म्हणजे आळशाची उशी," असं ते म्हणत, आणि म्हणताना तोंड असं करत की जणू कुणी त्यांना तीच उशी डोक्याखाली घ्यायला सांगितली आहे.

त्यांचा जोडीदार आडभिंतीच्या पलीकडे कितीतरी वर्षं बसत होता. सुट्टीच्या दिवशी दोन्ही कुटुंबं एकत्र जेवायची. जोडीदार हसरा होता, काकूंना "वहिनी, यांच्या हसण्याचाही पडताळा घ्या, खोटं असतं" म्हणायचा. त्याची बायको आजारी पडली, दवाखान्यात ठेवली, आणि तो डोळे तांबारलेले घेऊन कामावर यायला लागला. एके दिवशी त्याचं एक उत्तर जुळेना. त्याने आडभिंतीवरून मान काढली. "आज एवढा ठिपका दे," तो म्हणाला. "चुकलेलं असेल तर उद्या येऊन मीच दुरुस्त करतो. आत्ता मला जाऊ दे."

पडताळ्यांनी कागदाखाली लिहिलं: जुळत नाही. नियमाप्रमाणे कागद वर गेला. जोडीदाराला आकडेखोलीतून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. त्या दिवशी तो दवाखान्यात पोचला तो उशिराच. त्यानंतर तो कधी जेवायला आला नाही.

"एका ठिपक्याने काय आभाळ कोसळणार होतं?" काकूंनी विचारलं होतं.

"जुळत नव्हतं."

"माणूस होता ना तो?"

"माणूस कागदावर नसतो."

काकूंनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. आठवड्याने परत धरलं, कारण मुलगा शाळेत जायचा, डबे करायचे असायचे, आणि मुक्याने संसार होत नाही. पण मांडी घालून फार वेळ बसलं की पाय आपला असून आपला वाटत नाही, तसं काहीतरी काकूंच्या आत झालं. पाय निदान झटकता येतो.

मुलगा मोठा झाला, दूरच्या शहरात गेला. आकडेखोली बंद झाली, तिथे यंत्रं आली. पडताळे निवृत्त झाले आणि घरात बसले. जेवायच्या टेबलाशी त्यांची जी खुर्ची होती तिच्या बरोबर समोर, दाराच्या वर, विजेचं मीटर होतं. मीटरच्या पत्र्यावर ठोकलेला आकडा त्यांना घास चावता चावता दिसायचा. ५९०४४८४९. पाच कोटी नव्वद लाख चव्वेचाळीस हजार आठशे एकोणपन्नास.

"ही मूळ संख्या असावी," एक दिवस ते म्हणाले.

"असेना," काकू म्हणाल्या. "पोळी वाढू?"

"मूळ म्हणजे जिला कुणी भागू शकत नाही. एक सोडून आणि ती स्वतः सोडून."

"माहीत आहे. शाळा मलाही होती."

पण ते ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. दोनने जात नाही, शेवटी नऊ आहे. पाचने नाही. अंकांची बेरीज त्रेचाळीस, म्हणजे तीननेही नाही. सातने तीन उरतात, तेराने सहा. अकरानेही नाही. मग पाटी निघाली, मुलाची लहानपणची, लाकडी चौकटीची. एकेक मूळ संख्या घ्यायची आणि तिने भागून बघायचं. ते भागायचे आणि काकू नवाने पडताळायच्या. कुठवर जायचं तेही पडताळ्यांनी ठरवलं होतं. संख्येचे दोन तुकडे पडणार असतील तर त्यांतला एक सात हजार सहाशे पंच्याऐंशीच्या आतच असला पाहिजे, कारण त्याचाच वर्ग आकड्याच्या पुढे जातो. दोन्ही तुकडे त्याहून मोठे असूच शकत नाहीत. तिथवर कुणी भागलं नाही तर मीटरवरचा आकडा मूळ.

तिथवर जवळजवळ हजार मूळ संख्या होत्या. रोज एक, फार तर दोन.

मुलाने फोनवर ऐकलं आणि तो हसला. "बाबा, मला आकडा सांगा. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर देतो."

"दुसऱ्याने आंघोळ केली म्हणून आपला मळ निघत नाही," पडताळे म्हणाले.

"आई, सांभाळ गं यांना."

"सांभाळतेच आहे," काकू म्हणाल्या. "दुसरं काय करतेय."

नणंद अधूनमधून यायची. तिला भाऊही माहीत होता आणि टोमणे मारायची संधीही ती सोडत नसे. "काय हो वहिनी, हा आकडा भागला गेला तर विजेचं बिल अर्धं येतं का?"

"नाही हो. आकडाच अर्धा होतो."

"मग दादाला सांगा, माझ्या वयाला भागून बघ म्हणावं. काही तरी कमी होईल."

पडताळे तिच्याकडे बघून म्हणाले, "तुझं वय तीनने जातं. तू कालच त्यातली दोन वर्षं खाल्लीस, त्यामुळे आता जात नाही." त्यांना विनोद करता येतो हे नणंदेलाही विसरायला झालं होतं. ती तोंडावर पदर घेऊन हसत राहिली.

चारचौघांत सांगण्यासारखं काही नव्हतं, पण दिवस जात होते. काकू दुकानातून यायच्या, हातपाय धुवायच्या, पाटी घ्यायच्या. बाकी शून्य येत नाही, येत नाही, येत नाही. काकूंना त्याचं सुख होतं की दुःख, हे त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

मग एका सकाळी पडताळे न्हाणीघरात पडले.

उजवी बाजू गेली. हात, पाय, तोंडाची एक कड. शब्द यायचे, पण चिखलातून पाय उपसल्यासारखे एकेक. डॉक्टर म्हणाले, जितकं खातील तितकं बरं. पडताळे खाईनात. दूधपाव कुस्करून वाटीत घेतला की दात घट्ट आवळायचे. नणंद मुक्कामाला आली, तिने लाडीगोडी लावली, दरडावलं, शेवटी रडली. "दादा, एक घास. आईची शपथ." दादाने डोळे मिटले.

काकूंना रडू आलं नाही. यायला हवं, हे त्यांना कळत होतं. कपाटात असलेली पण कुठल्या खणात ते न सापडणारी वस्तू असावी तसं ते होतं. त्यांनी शोधलंही नाही फार. दुकानात सांगून काम घरी आणलं, त्यांचा पलंग मीटरसमोर ओढून मशीन त्याच्याशेजारी लावली, आणि त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, औषध द्यायचं, चुण्या घालायच्या, असा दिवस सुरू झाला. मुलगा फोनवर विचारायचा, "आई, तू कशी आहेस?" काकू म्हणायच्या, "बरी आहे." ते खोटंही नव्हतं आणि खरंही नव्हतं.

पडताळे खात नव्हते त्या दिवसांत एकदा काकूंना काही सुचेना म्हणून त्यांनी पाटी काढली. कुठवर आलो होतो ते बघितलं, पुढची मूळ संख्या घेतली, आणि पडद्याच्या मापांच्या खाकी कागदावर भागाकार केला. मग पाटीवर तीन ओळी लिहिल्या: कशाने भागलं, किती भागाकार, किती बाकी. पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. डाव्या हातात पेन्सिल दिली.

पडताळ्यांनी बराच वेळ पाटीकडे बघितलं. मग डाव्या हाताने, वेडेवाकडे, अंक मिळवायला लागले. जुळलं. खाली बरोबरची खूण केली, मोडक्या फांदीसारखी. आणि तोंड उघडलं.

काकूंनी घास घातला.

नणंद दारात उभी होती. ती म्हणाली, "हे बघा बाई. आईच्या शपथेने नाही उघडलं ते."

तेव्हापासून हाच नियम झाला. रोज दुपारी एक भागाकार, मग वाटीभर खाणं. पूर्वी ते भागायचे आणि काकू पडताळायच्या; आता उलटं. एखाद्या दिवशी काकूंना पडद्यांची घाई असली आणि भागाकार राहिला तर वाटी तशीच परत जायची. नणंद आपल्या घरी गेली. जाताना म्हणाली, "वहिनी, हा आकडा संपू देऊ नका हं." काकू म्हणाल्या, "आकडा काय माझ्या हातात आहे का?"

सहा हजारांचे आकडे चालू होते. अजून सव्वाशे-दीडशे भागाकार बाकी होते. पुढचं पुढे बघू, असं काकूंनी ठरवलं होतं. आकडा मूळ ठरला तर दुसरा घेऊ, नणंदेच्या घरच्या मीटरचा घेऊ. पण मूळ ठरल्यावर. पडताळ्यांना काम पुरं झाल्याचं चालत होतं. ते मध्येच फसलेलं चालत नव्हतं. आकडेखोलीत एखादं मोठं गणित चुकीच्या गृहीतावर उभं आहे असं निघालं की ते दोन दिवस जेवत नसत. हे धडधाकट असतानाचं.

त्या दिवशी सहा हजार चारशे सत्तावीसची पाळी होती.

काकूंच्या मशिनीवर एका मोठ्या दालनाचे पडदे होते, राखाडी, जड. अर्ध्या चुण्या घालून झाल्या होत्या. त्यांनी खाकी कागद ओढला आणि भागायला घेतलं. नऊ. एक. आठ. शेवटचा अंक खाली घेतला तेव्हा वर चव्वेचाळीस हजार नऊशे एकोणनव्वद होते. सत्तावीसला साताने गुणलं. खाली लिहिलं. चव्वेचाळीस हजार नऊशे एकोणनव्वद.

वर तेच, खाली तेच.

काकूंनी पुन्हा केलं. कागदाच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पहिलं झाकून, आकडेखोलीत करत असतील तसं. पुन्हा तेच. भागाकार नऊ हजार एकशे सत्त्याऐंशी, बाकी शून्य. निःशेष भाग गेला. पाच कोटींच्या वरचा तो आकडा, इतकी वर्षं कुणाला दाद न देणारा, सरळ दोन तुकडे होऊन कागदावर पडला होता. आणि दोनच. नऊ हजार एकशे सत्त्याऐंशीला आणखी फोडून बघायचीही गरज नव्हती. त्याला कुठल्या लहान संख्येने भागलं असतं तर तिने मोठ्या आकड्यालाही भागलंच असतं, आणि लहान सगळ्या कधीच तपासून झाल्या होत्या. म्हणजे आत दोघंच होते, एकाच घरात, एकमेकांना चिकटून, आणि दोघांपैकी कुणीही फुटण्यासारखं नाही. पत्र्यावर बाहेरून एकच दिसत होतं.

काकूंना काही वाटलं नाही. पलंगावरून आवाज आला.

"झा... लं?"

"होतंय हो. थांबा."

टेबलावर वाटी होती. पाव दुधात फुगून वर आला होता. तीन दिवस ते नीट खात होते, काल अर्धी वाटी जास्त मागितली होती. काकूंनी वाटीकडे बघितलं आणि मग कागदाकडे.

खोटी बाकी लिहायची तर कोणतीही चालणार नव्हती. समोर पडताळे होते. त्यांची एक बाजू गेली होती, नवाचा पडताळा गेला नव्हता. काकूंनी डोकं चालवलं. मीटरच्या आकड्याचा अंक सात. सहा हजार चारशे सत्तावीसचा एक. भागाकाराचा सात. एक गुणिले सात, सात, बाकीचा शून्य, जुळतंय. म्हणजे बाकी अशी हवी की जिचे अंक मिळवून नऊ येईल. नवाला शून्य आणि नऊ सारखेच. त्याच्या डोळ्यात फूल पडलंय. हे सांगणारा माणूस तीन हातांवर उशीला टेकून बसला होता, आणि त्याच्याच हत्याराने काकू त्याला फसवणार होत्या.

दोन हजार आठशे बावन्न सुचलं. अंकांची बेरीज सतरा. एक वाढवला. दोन हजार आठशे त्रेपन्न, अठरा, नऊ.

त्यांनी पाटीवर लिहिलं:

६४२७
९१८७
२८५३

पाटी मांडीवर ठेवली, हातात पेन्सिल दिली. मग मशिनीशी जाऊन बसल्या आणि उगाच एक चुणी उसवून पुन्हा घातली.

पेन्सिल कुरकुरायला लागली. थांबली. काकूंनी मान वर केली नाही.

"सात... सत्ते," पडताळे म्हणाले.

"एकोणपन्नास," काकू म्हणाल्या. आजारानंतर ते असे पाढे मध्येच बरळायचे. कधी तेराचा, कधी एकोणिसाचा. काकू पुढचं म्हणायच्या म्हणजे ते शांत व्हायचे.

"एकोण... पन्नास," पडताळे म्हणाले.

ते काकूंकडे बघत होते. चांगला डोळा आणि वाकडा डोळा, दोन्ही. काकूंनी टीप मारली. बरीच लांब मारली, जिथे थांबायचं होतं त्याच्या पुढे गेली. मग पेन्सिल पुन्हा कुरकुरली, खूण करण्याइतकी, आणि त्याहून थोडी जास्त.

त्यांनी तोंड उघडलं. काकूंनी भरवलं. वाटी संपली.

वाटी धुताना काकूंचा हात नळाखाली थांबला. सात सत्ते एकोणपन्नास. सहा हजार चारशे सत्तावीसच्या शेवटी सात. भागाकाराच्या शेवटी सात. गुणाकाराच्या शेवटी नऊ येणार, दुसरं काही येऊच शकत नाही. आणि मीटरवरच्या आकड्याच्या शेवटी नऊ. म्हणजे बाकीच्या शेवटी शून्यच हवं. काकूंनी तिथे तीन ठेवला होता. नऊ आणि तीन बारा, शेवटी दोन. नुसतं बघून कळण्यासारखं, पहिलीतल्या पोराला कळण्यासारखं.

दाराशी कोण आलंय ते बघावं, मगच घरात घ्यावं. ते आधी शेवटचाच अंक बघायचे. नेहमी. सगळ्यांच्या उत्तरांचा.

त्यांनी नळ बंद केला, हात पदराला पुसले आणि खोलीत गेल्या.

पडताळे मीटरकडे बघत पडले होते. पाटी मांडीवरून थोडी घसरली होती. २८५३ च्या खाली रोजच्यासारखी मोडकी खूण होती. खुणेच्या खाली ठिपका होता.

डावा हात थरथरतो, पेन्सिल टेकली असेल, असं म्हणता आलं असतं. पण तो टेकून उठलेला नव्हता. तो गोल होता, जाडसर, पेन्सिल जागच्या जागी फिरवून फिरवून काढलेला.

काकू पाटीकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना आडभिंतीवरून काढलेली मान आठवली, जी त्यांनी कधी पाहिली नव्हती, नुसती ऐकली होती. आत कुठेतरी, पाय झटकल्यावर येतात तशा मुंग्या आल्या आणि तेवढ्यावरच थांबल्या.

"हा तेव्हा द्यायचा होता," त्या म्हणाल्या.

पडताळ्यांनी मीटरवरची नजर काढली नाही. ऐकलं की नाही कळेना. मग त्यांचं तोंड हललं. काकू खाली वाकल्या.

"जुळ... त नव्ह... तं," ते म्हणाले.

"हेही नाही जुळत."

त्यांचा डावा हात चादरीवर सरकला, पाटीच्या चौकटीशी आला आणि तिथेच राहिला. काकूंनी तो हात उचलून पांघरुणाखाली घातला, कारण खिडकीतून गार वारा येत होता. मग मशिनीशी बसून मघाशी पुढे गेलेली टीप उसवली.

मुलाचा फोन आला. "आई, बाबांनी खाल्लं?"

"खाल्लं."

"कुठवर आलात?"

"चौसष्टशे सत्तावीस झाला."

"काही लागलं?"

"नाही," काकू म्हणाल्या. "पुढचा उद्या."

दुसऱ्या दिवशी राखाडी पडदे गेले, त्यांच्या जागी फिकट निळे आले. काकूंनी खाकी कागदावर भागाकार केला. पाटी घेतली, ओलं फडकं हातात घेतलं आणि तसंच बाजूला ठेवलं. पाटी उलटी केली. मागच्या बाजूला लिहिलं:

६४४९
९१५५
४२५४

देण्याआधी त्यांनी शेवटचा अंक बघितला. पाच नव्वे पंचेचाळीस. पाच आणि चार नऊ. दाराशी आलेला माणूस ओळखीचा होता.

पडताळ्यांनी पाटी घेतली. त्यांनीही आधी तिथेच बघितलं, हे काकूंना आज दिसलं. मग ते अंक मिळवत बसले. पाच. दोन. दहा, एक. सहा. सात. खाली खूण केली. नुसती खूण.

त्यांनी तोंड उघडलं.